कमान मऊ केली त्या वर्षी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. पण माझ्या गाडीला कोणी नाव ठेवलं, की तो नाकावरून थेट डोक्यात जायचा. गाडी म्हणजे मिलिटरीतून लिलावात निघालेली, चारही चाकांनी ओढणारी, एक टनाची जुनी ट्रकगाडी. माझा साळा जवाहरनगरला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरात राहायचा. अशा गाड्या निघतात हे त्यानंच सांगितलं, आणि मी ती जबलपूरकडून चालवत घरी आणली. लोक तिला ‘डिस्पोजल’ म्हणायचे. करडी गावाच्या पुढे आडरस्त्याला आमचं गाव. पावसाळ्यात डांबरी सडकेपर्यंत नुसता गारा, म्हणजे चिखल. बैलबंड्या आसापर्यंत रुतून बसायच्या, आणि माझी डिस्पोजल मात्र धान भरून तुमसरच्या राईस मिलकडे घुरघुरत निघायची.

बायको तिला सवत म्हणायची. “तिले हर आठ दिवसानं ग्रीस लावता. माह्या डोक्याले कधी खोबऱ्याचं तेल लावून पाह्यलं का?” असं ती चारचौघांत विचारायची. खरंच होतं ते.

आता या गाडीत एक खोड होती, आणि ती मी स्वतः हौसेनं करून घेतलेली. मागच्या चाकांवर कमान असते. लोखंडी पाट्यांची, एकावर एक रचलेली. सगळ्यात लांब पाटा वर, मग त्याहून आखूड, मग त्याहून आखूड. धानाची पोती जास्त बसावीत म्हणून मी तुमसरच्या मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे जास्तीचे टाकून घेतले होते, एका भंगार बसचे. त्यामुळे कितीही माल भरा, गाडी मागून दबायची म्हणून नाही. पण रिकामी असली की अरे बाप्पा! बैलाच्या खुराएवढा खड्डा आला तरी टाळू छताला लागायची. मागे कोणी बसलं असलं तर उतरल्यावर तो आधी आपले दात आहेत का ते चाचपायचा. मला मात्र त्याचाही अभिमान होता.

आमच्या गावाला तलाव आहे. मोठा, जुना, आमच्या पणज्यांच्या आधीचा. त्याच्या पाण्यावर धान आमचं पिकायचं, आणि मासे मात्र बाहेरगावचा ठेकेदार न्यायचा. गावातले ढिवर त्याच्याकडे रोजीनं जाळं ओढायचे. तलाव त्यांच्या दारात, जाळं त्यांनी विणलेलं, आणि घरच्या कालवणाला चार मासोऱ्या काढल्या तर ती चोरी. माझा एक लहानपणापासूनचा सोबती होता, ढिवरपुऱ्यातला. आम्ही दोघं एकाच म्हशीच्या पाठीवर बसून पोहायला शिकलो. त्याच्या बापाला ठेकेदाराच्या माणसांनी एकदा तलावाच्या पाळीवर, काठच्या बांधावर धरलं, आणि अख्ख्या गावासमोर जाळ्यासकट आंब्याला बांधून ठेवलं. सोबती तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेल. त्यानं ते पाहिलं होतं, आणि मीही.

ऐंशीच्या आसपास ढिवरांनी सोसायटी केली. सोबतीच त्यात पुढे. सरकारनं दोन वर्षांसाठी तलाव त्यांच्या हाती दिला. अट एवढीच, की तलावात नवं बीज सोडायचं आणि मासे तयार करून दाखवायचे. जमलं तर तलाव त्यांचा, नाही तर पुन्हा ठेकेदाराचा.

पहिल्या वर्षी बीज आणायला माझीच गाडी गेली. बीज म्हणजे रोहू-कतल्याची पिल्लं, तांदळाच्या दाण्याएवढी. आता प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा भरून देतात, तेव्हा आमच्याकडे ती पद्धत आली नव्हती. तोंड कापलेल्या लोखंडी पिंपांत पाणी भरायचं, त्यात पिल्लं सोडायची, आणि देवाचं नाव घेऊन निघायचं. माझ्या कडक कमानीवर ती पिंपं अशी उडाली, की अर्धं पाणी रस्त्यानं सांडत आलं. पिंप पिंपावर आदळून काठ चेमटले. तलावावर येऊन पाहतो तर तळाशी पिल्लांचा पांढरा थर. ढिवरपुऱ्यात त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसऱ्या वर्षी, रोवणीचे दिवस लागले तेव्हा सोबती माझ्या अंगणात आला. बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, “तुह्या गाडीची मागची कमान मऊ कर.”

माझं डोकंच फिरलं. “कायले? चांगली गाडी हाये माही! धान कोन वाहीन मंग, तुहा बाप?”

बाप म्हटल्यावर तो दोन पावलं मागे सरला. मग अगदी हळू म्हणाला, “मी गाडीले नाव नाई ठेवून रायलो गा. बीज याही साली मेलं तं तलाव जाते. मंग माहा पोरगा मोठा होईन, आनि त्यालेही कोनी त्याच आंब्याले बांधन. तेवढंच सांगाले आलो.”

तो निघून गेला. बायको दारात उभी होती. तिनं जेवताना ताट जरा जोरात आदळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोबत्याच्या दारात हॉर्न वाजवला आणि आम्ही तुमसरला गेलो.

मिस्त्री पानानं तोंड भरलेला, बोलघेवडा माणूस. मला पाहून त्यानं कपाळावर हात मारला. “तूच मांगं म्हनला का कडक कर. आता म्हनते का मऊ कर. गाडी हाये का भाकर?” पण काम म्हटलं की त्याला उत्साह यायचा. त्यानं मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर उचलून घेतला, चाकं काढली आणि कमानीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांना हात घातला. ते कसले सुटतात! गंजून दगड झाले होते. रॉकेल ओतलं, ठोकलं, शिव्या घातल्या, पुन्हा रॉकेल ओतलं. शेवटी पान्याला लांब पाईप लावून मी आणि सोबती दोघं लोंबकळलो, तेव्हा पहिला बोल्ट किर्रर करून हलला.

मी टाकलेले जास्तीचे पाटे तर निघाले, पण मिस्त्रीचं समाधान होईना. मिलिटरीची मूळची कमानही तोफेचं सामान वाहायला केलेली, आणि तिचे पाटे गंजानं एकमेकांना चिकटून एकच जाड पट्टी झालेली. पाट्यावर पाटा घसरला पाहिजे, तेव्हाच कमान वाकते. मिस्त्रीनं ते सगळे सुटे केले, तारेच्या ब्रशनं घासले. मधले दोन आणखी बाजूला ठेवले. उरलेल्यांना ग्रीस फासलं, आणि राईस मिलमधून टाकून दिलेल्या जुन्या पट्ट्याचे तुकडे कापून टोकांखाली बसवले, म्हणजे लोखंड लोखंडाला खाणार नाही. मग राहिली मागची कडी. कमान दबली की ती लांब होते, तिला सरकायला जागा लागते, आणि ती जागा देणारी कडी जाम झाली होती. त्यानं नवी, थोडी लांब कडी लोहाराकडून करून आणली. पाटे कमी झाल्यामुळे आता बोल्ट लांब पडायला लागले, तर खाली लोखंडी पट्टीचा गुटका दिला. सोबती तिथंच बसून होता. प्रत्येक पाटा उचलून बघायचा, जणू बाजारात मासा घेतो आहे.

गाडीचं झुलणं थांबवणारे शॉकअप मात्र मिळाले नाहीत. होते ते तेल ओकून मेलेले, आणि त्या गाडीचे नवे आख्ख्या तुमसरात नव्हते. मिस्त्री म्हणाला, “राहू दे. बिना शॉकअपची चालन, फकत जरा झुलन.”

जरा कसली! परत येताना गाडी एका खड्ड्यातून गेली, तर पुढच्या बाभळीपर्यंत वर-खाली करत राहिली. नुसती होडी. मी चरफडलो. माझी मर्दानी गाडी कोणी बायकी करून टाकली असं वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. सोबती मागे उभा राहून हसत होता. कित्येक महिन्यांनी हसत होता.

बीज केंद्र जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या साली आमच्या वाट्याला शेवटची खेप आली. हे गेलं, तर पुन्हा मागायला जागा नव्हती. आम्ही दोघंच गेलो, पहाटेच्या थंडाव्यात पिंपं भरली. मागच्या साली पाणी हिंदकळलं आणि पिल्लं मेली, एवढं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून या खेपेला पाणी हलूच द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पिंपांखाली तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची जाड गादी. पिंपं एकमेकांना दोरानं बांधलेली. पाणी काठोकाठ, म्हणजे उसळायला जागाच नाही. वरून ओले बारदाने. आणि मी गाडी अशी चालवली, की बाळंतिणीला माहेरी नेतो आहे. सोबती मागून ओरडायचा, “हालून नाई रायलं गा! थेंब नाई सांडला!” मी छाती फुगवून गिअर टाकायचो.

अर्ध्याहून जास्त रस्ता कापला आणि एका रपट्याशी, नाल्यावरच्या बुटक्या पुलाशी येऊन थांबलो. रपट्यावरून नाल्याचं लाल पाणी कमरेइतकं चाललं होतं. वर कुठंतरी पाऊस पडला असणार, आमच्या डोक्यावर तर ऊन होतं. मी सांगितलं, माझी गाडी यातूनही जाते. सोबती म्हणाला, गाडी जाईन, पिंपं वाहून जातीन. ते खरं होतं. पाणी उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. बसल्या बसल्या पिल्लं कशी आहेत बघावं म्हणून त्यानं एक बारदाना उचलला.

मी त्याचा चेहरा पाहिला आणि धावत गाडीवर चढलो.

पिल्लं सगळी वर आलेली. पाण्याच्या तोंडाशी काळी साय धरावी तशी, आणि प्रत्येकाचं एवढंसं तोंड उघडझाप करत होतं. दुसऱ्या पिंपात तेच, तिसऱ्यातही तेच. सोबती काठाला धरून उभा. मग एकदम म्हणाला, “कावडीत पानी हालते ना बे! आमी कावडीनं नेतो तं चालता चालता पानी हालते. यात हवाच नाई गेली. आपन गुदमरून टाकले यायले!”

मागच्या वर्षी हलून मेली, या वर्षी न हलून मरायला निघाली. आम्ही दोघं वेड्यासारखे पिंपांवर तुटून पडलो. आधी बादलीनं थोडं थोडं पाणी काढलं, हवेला जागा झाली. मग हातानं ढवळायला लागलो. पण एवढी नाजूक पिल्लं, बोटांना लागून फिरायची ती उलटीच व्हायची. सोबत्यानं हात बाहेर काढला. तळव्याला चिकटलेली मेलेली पिल्लं पाहून तो रडायला लागला. मोठ्यानं, लाज सोडून. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, बापाला बांधलं तेव्हाही नाही.

मला रडता येत नाही, मला राग येतो. मी खाली उडी मारली आणि गाडीच्या मागच्या फळीला दोन्ही हातांनी जीव खाऊन ढकललं. कुणावर तरी काढायचा म्हणून गाडीवर काढला, दुसरं काही नाही. गाडी खाली गेली आणि वर आली. पुन्हा खाली, पुन्हा वर. शॉकअप नाहीत, तिला थांबवणार कोण! पिंपात डुबुक डुबुक आवाज झाला. सोबती वरून ओरडला, “थांबू नोको! पानी हालून रायलं! सांडत नाई, नुसतं हालून रायलं!”

मग मी ढकलत राहिलो. तो खाली आला, दोघं ढकलायला लागलो. पण भरलेली पिंपं, आणि आमचा मेळ बसेना. मी दाबायचो तेव्हा तो सोडायचा. गाडी वाकडीतिकडी डुलायची, मध्येच थांबायची. आम्ही एकमेकांना शिव्या घालत होतो, आणि दम तर केव्हाच संपला होता.

रस्त्याला लागून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात रोवणं चालू होतं. गुडघाभर चिखलात बाया ओळीनं वाकलेल्या. दोन माणसं उभ्या गाडीशी झोंबताहेत हे बघून त्यांचे हात थांबले. एक म्हातारी धुऱ्यावर चढून आली. “काहून गा, गाडीले भूत लागलं का?” सोबत्यानं तिला वर घेऊन पिंप दाखवलं, आणि तलावाचं सगळं भडाभडा सांगितलं. ती वाकून बघत राहिली. मग खाली उतरली आणि मला म्हणाली, “असं नाई होत बावा. सरक तिकडे.” तिनं बांधीकडे तोंड करून हाक दिली, तशा चिखलानं माखलेल्या दहा-पंधरा बाया वर आल्या, आणि गाडीच्या तिन्ही बाजूंना उभ्या राहिल्या.

म्हातारीनं रोवण्याचं गाणं धरलं. रोप कसं, सगळ्यांचं एकाच वेळी चिखलात जातं, तसे सगळ्यांचे हात एकाच वेळी फळीवर पडायला लागले. आणि गाडी झुलायला लागली. सारखी, एका लयीत, न थांबता. पिंपातलं पाणी काठापर्यंत यायचं, फुटायचं, मागे फिरायचं. मी बाजूला उभा राहून माझ्या त्या मऊ कमानीकडे पाहत होतो. पाटे एकमेकांवरून सरकत सरळ व्हायचे, पुन्हा वाकायचे. जुने कडक पाटे असते तर पन्नास माणसं लागूनही ती बोटभर हलली नसती. खोटं कशाला बोलू, मला त्या गाडीचा मुका घ्यावासा वाटला.

थोड्या वेळानं बांधीचा मालक छत्री घेऊन तरातरा आला. रोवणं अर्धवट टाकून बाया रस्त्यावर गाडी ढकलताहेत, कोणाचंही डोकं फिरेल. तो ओरडायला लागला, मीही बाह्या सारल्या. म्हातारीनं गाणं न थांबवता त्याला हातानंच वर चढायची खूण केली. तो चढला. पिंपात पाहिलं. मग छत्री उघडून, ऊन पडत होतं त्या पिंपावर धरून उभा राहिला. नाल्याचं पाणी उतरेपर्यंत तो तसाच उभा होता. बाया आळीपाळीनं दम खायच्या, मालकाची कुरकूर नाही. गाणी मात्र सुटली नाहीत, एक संपलं की दुसरं.

दुपार कलली तेव्हा रपटा दिसायला लागला. सोबत्यानं प्रत्येक पिंपात वाकून पाहिलं. पिल्लं तोंडावरून खाली गेली होती आणि पाण्यात फिरत होती. काही मेली होती, पण बहुतेक जिवंत. तो त्या बायांच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवायला धावला. म्हातारीनं त्याला मध्येच धरलं. “पाया कायले पडते? जाय पटकन, पानी गरम होऊन रायलं.” तिचं गाव कोणतं, हेही आम्ही विचारलं नाही. निघालो, आणि उरलेला सगळा रस्ता मी मुद्दाम खड्डे शोधून शोधून गाडी घातली.

आमच्या तलावावर आख्खा ढिवरपुरा पाळीवर उभा होता. पिंपात आधी तलावाचं पाणी थोडं थोडं मिसळलं. मग सोबती छातीएवढ्या पाण्यात गेला, पिंप आडवं केलं आणि पिल्लांना त्यांचं त्यांना निघू दिलं. ती जरा वेळ पिंपाच्या तोंडाशीच घुटमळली. मग एकेक करत निघाली, आणि खोल पाण्यात दिसेनाशी झाली. सोबती पिंप रिकामं झाल्यावरही तिथंच उभा होता. पाळीवरून कोणीतरी विचारलं, जगली का गा? त्यानं मान हलवली, आणि बाया-बापे सगळे पाण्यात उतरले, कपड्यांसकट.

त्या वर्षी मी धान कमी वाहिलं. गाडी मऊच ठेवली. मिस्त्रीनं विचारलं, पाटे परत टाकू का? मी त्याला नाही म्हणून सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात तलावात जाळं पडलं, आणि मासे निघाले. तलाव ढिवरांकडेच राहिला.

जाळं पडलं त्या सकाळी मी अंगणात दाढी करत बसलो होतो. रस्त्यावरून अशी काही आरोळी आली, की माझा वस्तरा घसरला. “मासोऱ्या घ्या व, मासोऱ्या! ताज्या मासोऱ्या!” सोबत्याची बायको होती. डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं नाही, आणि गावाच्या मधल्या रस्त्यानं भर उजेडात चाललेली. तोवर ढिवरपुऱ्यातली बाई मासे विकायची ती टोपली तणसाखाली झाकून, मागच्या दारानं, कुजबुजत. माझ्या हनुवटीतून रक्त येत होतं. मी चिडून म्हटलं, “वहिनी, एवढं कायले वरडता? आमी काय बहिरे हावो?”

ती थांबली. टोपली सावरली. डोळे भरले होते तिचे, पण हसत होती.

“वरडू द्या ना भाऊजी,” ती म्हणाली. “लगन होऊन आली तेव्हापासून या गावात हळूच बोलून रायली मी.”